पादुकांखालचं कापड

आमच्या भजनी मंडळात दर महिन्याला एकीनं आपला अनुभव लिहून द्यायचा असतो. माझी पाळी येऊन गेली, परत आली, तिसऱ्यांदाही आली, आणि दरवेळी मी गुडघ्यांचं कारण सांगून सुटले. "गुडघ्यांनी लिहिता का हो?" म्हणून बायका हसल्या. त्यांना माझ्याकडून कोणती गोष्ट हवीय ते मला ठाऊक आहे. पारायणाच्या समाप्तीला भर दुपारी माझ्या दाराशी कोण आलं, ते सगळ्या चिक्कडपल्लीत सांगून झालंय. पण त्या सांगतात ती अर्धीच गोष्ट, आणि त्या अर्ध्या गोष्टीत मी फार पुण्यवान बाई दिसते. उरलेली अर्धी सांगायची तर मान खाली घालावी लागते. तशीच बसलेय आता, वही मांडीवर घेऊन. माझी शाळा सातवीपर्यंतची, पुढचं सगळं पोथ्या वाचून आणि माणसांशी बोलून शिकले, तेव्हा लिहिणंही बोलल्यासारखंच होणार. सांभाळून घ्या.

यजमान गेल्यावर वरची खोली रिकामीच होती. मुलगा बंगळुरात, तो म्हणाला, कुणी शिकणारं पोर ठेव, सोबत होईल. म्हणून एस्तर आली. आफ्रिकेतली, टांझानिया तिचा देश, इथं कॉलेजात शिकायला आलेली. माझ्याआधी सात घरांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं, हे तिनं मला हसत सांगितलं होतं. आमच्या गल्लीनंही कमी केलं नाही. "घरात हबशीण ठेवली," "जिन्यावर दिसली की धस्स होतं," एक ना दोन. मी कुणाचं ऐकलं नाही. सगळ्यांच्यात देव आहे, असं मी ठणकावून सांगितलं, आणि खरं सांगते, सांगताना मला माझंच कौतुक वाटलं. तिथूनच माझं चुकायला सुरुवात झाली असावी. मी तिला घर दिलं ते तिच्यासाठी थोडं आणि माझ्या मोठेपणासाठी जास्त.

पोर मात्र गोड. सहा महिन्यांत 'नक्को' आणि 'हौ', हे हैदराबादी नाही-होय, शिकली. भाजीवाल्याशी असा घोळ घालायची की तो दमून दोन मिरच्या जास्त टाकायचा. संध्याकाळी खाली येऊन माझ्या ओट्याशी बसायची, मी कणीक मळायची आणि ती तिच्या आईच्या गोष्टी सांगायची. आई तिची शिवणकाम करायची. एकदा तिनं आईनं पाठवलेलं कापड दाखवलं. त्यांच्याकडे बायका कमरेला एक आणि खांद्यावर एक गुंडाळतात, तसं ते जोडीनं येतं, दोन्ही तुकडे अगदी सारखे. पिवळं धमक, काळी किनार आणि कोपऱ्यांत मोठ्या कोयऱ्या. मी कोयऱ्या म्हटलं तर म्हणाली, "कोयरी नक्को आंटी, काजू!" त्यांच्याकडे तो काजू असतो म्हणे. आम्ही दोघी त्यावर खूप हसलो होतो.

मग ती हळूहळू बदलली. आधी जेवण कमी झालं. गुरुवारी मी उपास करते, तर गुरुवारी ती जेवेना, पुढं सोमवारीही जेवेना. बोलणं कमी झालं. पहाटे तीन-साडेतीनला वर तिची पावलं वाजायची. मी त्या वेळी जपाला उठते, तर वाटायचं, ही पण उठलीय. खाली आली की माझ्या देवघरासमोर बसून राहायची, तास तास, पादुकांकडे बघत. डोळ्याला पाणी यायचं. मी बाई चाळीस वर्षं दत्ताचं करतेय, मला असं पाणी येत नाही. मी काय समजले असेन? मी समजले, पोरीला ओढ लागली. पूर्वजन्मीचं काही असणार, देश सोडून, धर्म सोडून ही नेमकी माझ्याच दारी का आली, तर याच्यासाठी आली. उपास, मौन, पहाटेचं उठणं, डोळ्यांतलं पाणी, सगळं पोथीतल्यासारखं जुळत गेलं, आणि जे जुळत गेलं ते मी मंडळात सांगत गेले.

बायका तिला बघायला यायला लागल्या. आता लिहिताना अंगावर काटा येतो. ज्यांना जिन्यावर धस्स होत होतं त्या माझ्या बैठकीत सतरंजीवर बसून त्या पोरीकडे टक लावून बघायच्या. एकीनं तर तिला वाकून नमस्कार केला. एस्तर भिंतीला चिकटली, काय चाललंय तिला कळेना. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवून म्हटलं, "शाब्बास पोरी. असंच सगळं सोडत जा. देवाला हेच आवडतं." मोडक्यातोडक्या हिंदीत म्हटलं, पण तिला कळलं. ती मान हलवून वर गेली. ते वाक्य पुढं येणार आहे, म्हणून इथं लिहून ठेवते.

एकटी विमलवहिनी बोलली. विमलवहिनी म्हणजे आमच्या समोरच्या घरातली, जिभेला हाड नाही, मंडळात येते ती प्रसादाला, असं आम्हीच तिला चिडवायचो. ती म्हणाली, "अहो, साध्वी कसली? पोर वाळत चाललीय. गळ्याची हाडं मोजून घ्या. डॉक्टरला दाखवा आधी, मग पाया पडा." मी तिला काय उत्तर दिलं माहीत आहे? "वहिनी, तुमचा जीव लोणच्याच्या बरणीत. तुम्हाला यातलं कळायचं नाही." बायका हसल्या. विमलवहिनीही हसली, पण त्यानंतर आठ दिवस माझ्याकडे आली नाही.

पारायण बसवायच्या आदल्या दिवशी एस्तर खाली आली ती हातात कापड घेऊन. ते पिवळं, जोडीतलं एक. म्हणाली, "आंटी, ये तुम रखो. भगवान के पास." मी विचारलं, आईनं दिलेलं ना गं? तर म्हणाली, "हौ. माँ का है." बस, एवढंच. मी विचारायला हवं होतं की आईचं कापड कुणी देऊन टाकतं का? आई कशी आहे, हे विचारायला हवं होतं. मी काय केलं, तर ते कापड डोळ्यांना लावलं, घडी घालून पादुकांखाली अंथरलं, आणि त्याच संध्याकाळी फोनवर दोघींना सांगितलं की पोरीनं आईची शेवटची खूणसुद्धा देवाला वाहिली. 'शेवटची खूण' हा शब्द माझ्याच तोंडून निघाला आणि माझ्या कानांना ऐकू आला नाही. त्याआधी तिनं तिची कढई कामवालीला दिली होती, छत्री भाजीवाल्याला. मी त्याला वैराग्य म्हणत होते.

सात दिवस मी पोथीत होते. ती माझ्याकडे डोकावली नाही. एकांत पाळत असेल, म्हटलं. वर जायला बावीस पायऱ्या आहेत आणि माझ्या गुडघ्यांनी वर्षभर त्या चढल्या नव्हत्या. आता तुम्हाला माहीतच आहे, दत्त दुपारी बाराला भिक्षेला येतो, कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही, अशी आपली श्रद्धा. म्हणून समाप्तीच्या दिवशी अतिथीचं ताट वाढून दाराशी वाट बघायची. मी घेवड्याची भाजी केली, वरण-भात, पुरण, वर तुपाची धार. बायका आत आरतीची तयारी करत होत्या. विमलवहिनीही आली होती, राग गिळून. बाराला मी उंबऱ्याशी उभी राहिले. मनात ठरवून ठेवलं होतं तसं काहीतरी येणार, भगवं, झोळी, जटा. बरोबर एक कुत्रं.

आली ती एक म्हातारी बाई. काळा बुरखा, तोंड उघडं, रंग एस्तरसारखाच, केस पांढरे कुरळे. आपल्या हैदराबादेत ही वस्ती जुनी आहे, निजामाच्या पदरी आफ्रिकेतून आलेले शिपाई होते, त्यांची लेकरंबाळं. लग्नात मरफा म्हणजे ढोलताशे वाजवतात ते लोक. साठ वर्षांत मी त्यांना वाजवताना आणि नाचतानाच पाहिलंय, बोलले कधी कुणाशी नाही. तिला बघून मी, सगळ्यांच्यात देव आहे म्हणणारी मी, हात हलवून म्हटलं, "आज नक्को अम्मा. घर में पूजा है. आगे जाव."

ती जागची हलली नाही. "मांगने नै आई मैं, अम्मा. देने आई." आणि तिनं काखेतली पिशवी उघडून कापड बाहेर काढलं. पिवळं धमक, काळी किनार, कोपऱ्यात काजू.

मी मागं वळून देवघराकडे बघितलं. माझ्या पादुकांखालचं कापड होतं तिथंच होतं. तोच पिवळा, तोच काजू. तुम्ही बायका इथं हात जोडता, मला माहीत आहे. मीही तेव्हा जोडणारच होते. पण तिनं वेळ दिला नाही.

"ऊपर रहती सो बच्ची का है ना ये? कल अफझलगंज के बस स्टाप पे मेरे बाजू बैठी थी. आधा घंटा कुछ बोली नै. फिर ये मेरी गोद में रखी, बोली, माँ का है, आप रख लो, मेरेकू अब नै होना. बस आई, चढ़ के चली गई. तब से मेरा जी ठिकाने पे नै."

मी विचारलं, घर कसं सापडलं? ती कोरडं हसली. "बस में चढ़ते वखत पूछी किधर रहती, बोली चिक्कडपल्ली. मैं इधर आ के पूछी, वो काली बच्ची किधर रहती? पानवाला बोला, दरजी बोला, एक इतना सा बच्चा भी बोला. सबकू मालूम किधर रहती. कैसी है, किसीकू मालूम नै?"

तिनं माझ्यामागचं ताट बघितलं. "ये खाना किसका है?" मी पुटपुटले, जो येईल त्याचं. "तो चलो," म्हणाली, आणि ताट उचलून जिन्याकडे निघाली. त्या बावीस पायऱ्या मी कशा चढले मला आठवत नाही. विमलवहिनी मागून माझी कंबर धरून होती एवढं आठवतं.

दार नुसतं लोटलेलं होतं. खोली इतकी आवरलेली की कुणी राहातच नसावं. पुस्तकं दोरीनं बांधलेली, टेबलावर एक पाकीट, त्यावर माझं नाव. एस्तर भिंतीकडे तोंड करून जमिनीवर बसली होती. त्या म्हातारीनं, जुलेखाबी तिचं नाव, तिच्याशेजारी बसकण मारली, पिवळं कापड तिच्या खांद्यावर घातलं, आणि सरळ विचारलं. "बेटा, मरने का जी कर रहा क्या?"

समाप्तीचा दिवस, खाली पोथी उघडी, आणि असलं अभद्र तोंडातून काढायचं! मी तिला गप्प करायला हात उचलला. विमलवहिनीनं तो धरला. मग एस्तर, आपली नक्को-हौ शिकलेली एस्तर, भिंतीकडे बघतच म्हणाली, "हौ."

आणि रडली. रडली म्हणजे काय, पोटातून आवाज काढून रडली. जुलेखाबी घाबरली नाही. "हौ बोली ना, बस. अब तू अकेली नै." एवढं म्हणून तिनं वरण-भात कालवला आणि एक एक घास तिच्या तोंडाशी धरला. दत्तासाठी वाढलेलं ते ताट. तिनं चार घास खाल्ले. चौदा दिवसांत तिनं धड जेवण केलं नव्हतं, हे आम्हाला दवाखान्यात कळलं.

हो, दवाखान्यात. जुलेखाबी पंचवीस वर्षं एका सरकारी दवाखान्यात आया होती, तिला माहीत होतं कुठल्या दारानं जायचं. त्याच दुपारी रिक्षा करून आम्ही दोघी तिला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. विमलवहिनीनं माझं घर सांभाळलं. आरती राहिली ती राहिलीच.

बाकावर बसलेली असताना जुलेखाबी बोलली. तिचा भाऊ मरफ्यातला, हैदराबादभर त्याच्या हाताचं नाव होतं. एक दिवस त्यानं ढोल शेजारच्या पोराला देऊन टाकला. घरचे म्हणाले बाहेरचा असर आहे, ताईत बांधला. तो गेला, परत आला नाही. "हमारे लोगां कू सब ढोल बजाते सो देखते, अम्मा. मजबूत लोगां, हँसते लोगां, बोलते. ढोल रख के बैठे तो कोई नै देखता. हम खुद नै देखे. वो ढोल दे दिया, तब मैं समझना था. कल बच्ची कपड़ा दी तो मेरेकू वो ढोल याद आया." मी त्या बाईला दारातून पुढं जा म्हटलं होतं. ते मी तिला बाकावर बोलून दाखवलं, माफी मागितली. म्हणाली, "रोज का है अम्मा. उसमें क्या." ते 'रोज का है' अजून टोचतं.

डॉक्टरीणबाईंनी एस्तरशी बोलून मग मला आत बोलावलं, तिच्या परवानगीनं. आठ महिन्यांपूर्वी तिची आई गेली होती. आठ महिने! माझ्या डोक्यावरच्या खोलीत त्या पोरीनं आईचं सुतक एकटीनं काढलं. जायला जमलं नव्हतं. बसमध्ये तिच्याशेजारची जागा रिकामी राहायची, माणसं उभी राहायची पण बसायची नाहीत. वर्गातल्या मुली न विचारता केसांना हात लावायच्या. गल्लीतली पोरं काय काय ओरडायची ते मीही ऐकलेलं होतं, पोरंच ती, म्हणून सोडून दिलेलं. तिच्या देशातल्या मुलांमध्ये तिनं एकदा बोलून पाहिलं तर मुलं म्हणाली, आपण कणखर माणसं, घरच्यांनी किती आशेनं पाठवलंय, प्रार्थना वाढव. आजार आहे, उपचार आहे, असं तिला तोवर कुणीच म्हटलं नव्हतं. आणि घरी आली तर खाली मी, माझ्या बायका, आणि आमचे नमस्कार.

ती तीन आठवडे दवाखान्यात होती. मी रोज डबा न्यायची. बोलायला लागल्यावर एकदा मी धीर करून विचारलं, मला का नाही सांगितलंस गं? तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहायला हवं, पण मला झेपत नाही, माझ्या शब्दांत लिहिते. ती म्हणाली, सांगायलाच यायचे मी रोज देवघरात. तुम्ही म्हणालात, असंच सगळं सोडत जा, देवाला हेच आवडतं. मला वाटलं, देवालाही मी नसलेलीच बरी वाटते.

रागानं म्हणाली नाही. सांगितलं आणि माझ्या हातातला डबा घेऊन उघडला. मी बाहेर जाऊन नळाशी उभी राहिले. चाळीस वर्षांची सेवा म्हणतात माझी. दुपारी बाराला येणाऱ्याची वाट बघत मी दाराकडे तोंड करून उभी होते, आणि तो बावीस पायऱ्या वर उपाशी बसला होता. पोथ्या मी इतक्या वाचलेल्या होत्या, पण एका पोरीचा चेहरा मला वाचता आला नाही. नाही, वाचता आला नाही असं नाही, मला हवं ते मी त्यावर लिहून टाकलं. मला घरात साध्वी हवी होती. आजारी मुलगी असेल तर नुसती जबाबदारी. हे लिहायला तीन पाळ्या गेल्या.

एस्तर आता तिच्या देशातल्या दोन मुलींबरोबर राहते. मीच म्हटलं, तुला जिथं बरं वाटेल तिथं राहा. गोळ्या चालू आहेत, डॉक्टरांकडे बोलायला जाते, शिक्षण एक वर्ष मागं पडलं. त्या मुलींना घेऊन ती जुलेखाबीकडेही जाते, तिथं वस्तीतल्या बायका जमतात आणि कुणाचं मन कसं आहे ते विचारतात, अगदी सरळ, जुलेखाबीच्या पद्धतीनं. कापडाचे दोन्ही तुकडे मी धुऊन तिला परत दिले. देवाला वाहिलेलं परत देतात का, असं मंडळात कुणीतरी म्हटलंच. विमलवहिनी म्हणाली, "देवाकडे शेला आहे. पोरीकडे आई नाही." पादुकांखाली आता नुसता पाट आहे. तो मी तसाच ठेवलाय, रोज पुसताना बघायला.

शरण जाणं म्हणजे डोळे मिटून बसणं, असं मला वाटायचं. आता वाटतं, आपल्याला आधीच सगळं कळलंय हा हट्ट सोडायचा, तेवढं जरी जमलं तरी खूप. मला रोज जमतं असं नाही. जुलेखाबीच्या रूपात दत्त आला होता का, असं तुम्ही मला विचारता. मला ठाऊक नाही. जुलेखाबी आली होती एवढं ठाऊक आहे. मी पुढं जा म्हटल्यावरही ती गेली नाही, यासाठी मी रोज हात जोडते.

परवाच्या गुरुवारी बाराच्या सुमाराला दार वाजलं. एस्तर होती. मी आधीसारखं काही म्हटलं नाही, तब्येत सुधारली, तेज आलं, काही नाही. नुसतं विचारलं, "कैसी है तू?" ती चप्पल काढता काढता थांबली. म्हणाली, "आज अच्छी नै हूँ, आंटी."

मी बाजूला झाले. ती आत आली, ओट्याशी तिच्या जुन्या जागी बसली. मी तिच्यासमोर ताट ठेवलं आणि कणीक घेऊन शेजारी बसले. माझ्या दारात येऊन ती हे सांगू शकली, एवढा प्रसाद मला पुरतो.